मॉस्कोच्या संचलनाच्या छायाचित्राबाबत खुलासा

जळगाव, भुसावळ, अमळनेर भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका छायाचित्रात सोव्हिएत सैनिक जर्मन ध्वज जमिनीवर फेकताना दिसतात आणि ते ७ नोव्हेंबर १९४१ च्या मॉस्कोतील संचलनाचे असल्याचे सांगितले जाते. हे चुकीचे आहे. ते ध्वज दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर मिळवलेल्या विजयानंतर, २४ जून १९४५ रोजी, भर पावसात लेनिनच्या समाधीसमोर फेकले गेले. १९४१ मध्ये शत्रू मॉस्कोच्या उंबरठ्यावर होता, बर्फ पडत होते, आणि तिथल्या लाल चौकातून (रेड स्क्वेअर) संचलन करत गेलेल्या अनेक तुकड्या तेथूनच थेट आघाडीवर रवाना झाल्या. खचू पाहणाऱ्या लोकांना धीर देण्यासाठी काढलेल्या त्या संचलनाचे मोल फार मोठे आहे; त्याला वेगळ्याच दिवसाचे छायाचित्र जोडण्याची मुळीच गरज नाही. छायाचित्र पुढे पाठवायचे असल्यास कृपया खरी तारीख लिहूनच पाठवावे.