कर्जाचे नाव नको म्हणणाऱ्या घरांसाठी

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांत कुणाचा धंदा बुडाला की वडीलधारी मंडळी सर्वांत आधी ठरवतात ते हे, की या घरात पुन्हा कर्जाचे नाव काढायचे नाही. त्यामागची पोळलेली भावना मला समजते; पण गेलेली पत पुन्हा उभी करायची असेल, तर नेमका हाच निश्चय तिच्या आड येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या मावसभावाचा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) लेथकामाचा छोटा कारखाना होता. मोठ्या गिऱ्हाइकाची बिले अडकली, कॅश क्रेडिटचे, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाचे, खाते थकले, कामगारांचे पगार क्रेडिट कार्डांवर ओढले गेले आणि करोनाच्या काळात सारेच कोसळले. लोक दिवाळे निघाले म्हणाले, पण कायद्याच्या दृष्टीने ते कधी निघालेच नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसंबंधीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू आहे तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच. बडोद्यासारख्या शहरांत बाकीच्यांना नादारीसाठी अजूनही १९२० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि त्या वाटेला फारसे कोणी जात नाही. त्यामुळे आपल्याकडे प्रत्यक्षात होते ती बँकेशी तडजोड, म्हणजे सेटलमेंट.

त्यानेही तेच केले. थकबाकीचा काही भाग एकरकमी भरला, उरलेला बँकेने सोडला आणि पत्र हाती पडताच घरात पेढे आले. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या संस्थेच्या अहवालात मात्र त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ (पूर्ण फिटले) नव्हे, ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटले) असा शेरा लागला. त्या अहवालात प्रत्येक महिन्याचा एक चौकोन असतो आणि हप्ता किती दिवस थकला तो आकडा त्यात असतो. त्याच्या चौकोनांत ३०, ६०, ९० असे आकडे चढत गेले होते आणि ९० ओलांडल्यावर खाते बुडीत वर्गात गेले होते. कर्ज मंजूर करणारा अधिकारी हे चौकोन पाहतो. कुणी बिले अडकवली होती, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमांनुसार, शेतीकर्ज सोडले तर, तडजोड केलेल्या कर्जदाराला त्या बँकेने किमान १२ महिने नवे कर्ज द्यायचे नसते.

आता यापुढे त्याने कर्जच घेतले नाही, तर काय होईल? याच नोंदींवरून सिबिल ३०० ते ९०० मधला जो स्कोअर, म्हणजे पतीचा गुणांक, देते तो मुख्यतः घेतलेले कर्ज कसे फेडले यावर ठरतो. बचत खात्यातली शिल्लक किंवा रोखीने चालवलेला प्रपंच तिथे मोजला जात नाही. म्हणजे माणूस कितीही सचोटीने जगला, तरी अहवालातली शेवटची नोंद वाईटच राहते आणि ती वर्षानुवर्षे राहते.

म्हणून मी त्याला बँकेत २५ हजारांची एफडी ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्यायला लावले. “एकदा पोळलास तेवढं पुरे नाही का झालं रे?” असे मावशी म्हणाली आणि त्यावर माझ्याकडे पटेल असे उत्तर नव्हते. अट एवढीच घातली की मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आतच खर्च करायचा आणि बिल पूर्ण भरायचे. बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ भरून सुटल्यासारखे वाटते, पण उरलेल्यावर व्याज चढतच राहते. कार्डांवर बुडालेले बहुतेक जण याच वाटेने गेलेले मी पाहिले आहेत. स्कोअर हळूहळूच चढला, पण चढला. पैसे जमले की सोडलेली रक्कमही भरून नो ड्यूज, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा, दाखला घ्यावा आणि शेरा ‘क्लोज्ड’ करून मागावा, असे मी त्याला सांगत असतो.

‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांकडे मात्र अजिबात जाऊ नये. खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला दमडीही लागत नाही. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो आणि तो स्वतः काढल्याने स्कोअर घटत नाही. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. मावसभावाचे एक बंद झालेले कार्ड थकीत दिसत होते, ते अशाच साध्या तक्रारीने सुधारले.

या सगळ्यात जामीनदाराची आठवण कोणालाच राहत नाही. मावसभावाच्या कर्जाला आमचे भाऊजी जामीन होते. तडजोडीच्या आनंदात त्यांना कोणी काही सांगितले नाही आणि पुढे त्यांचाच गृहकर्जाचा अर्ज परत आला. तेव्हा ज्यांनी कुणासाठी सही केली आहे, त्यांनीही आपला अहवाल या महिन्यातच काढून पाहावा आणि तडजोडीच्या पत्रात आपल्या नावाचे काय होणार, हे बँकेकडून लेखी घ्यावे.