मोजा किती दिवस घालायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, स्क्लेरोथेरपी, म्हणजे शिरेत औषधाचं इंजेक्शन देऊन ती बंद करणं, झाल्यावर घालायच्या घट्ट दाबाच्या मोज्यावर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "स्क्लेरोथेरपीनंतर तीन आठवडे मोजा घालायलाच हवा असं तुम्ही छातीठोकपणे सांगता. पुरावा कुठे आहे? माझ्या डॉक्टरांनी एकच आठवडा सांगितला होता. मी तर तिसऱ्या दिवशीच काढून ठेवला. पोटरीवर दोरीसारखी एक कडक गाठ राहिली आहे, बाकी काही बिघडलं नाही. उगाच लोकांना घाबरवू नका."

तीन आठवड्यांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. सगळ्यांना एकच आकडा मी द्यायला नको होता. मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. १९६०च्या दशकात डब्लिनचे सर्जन जॉर्ज फेगन इंजेक्शननंतर सहा आठवडे पाय बांधून ठेवत. पुढे मुदत कमी कमी होत गेली. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं की व्हेरिकोज व्हेन्सच्या (फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांच्या) उपचारानंतर पट्टी किंवा मोजा द्यायचाच तर सात दिवसांपेक्षा जास्त नको. तुमचे डॉक्टर त्याला धरूनच बोलले.

पण "पुरावाच नाही" हे मला पटत नाही. शीर कोणती, यावर सगळं आहे. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी मांडीवरच्या बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरांवर उपचार केलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी २३ ते ३२ मिलिमीटर (रक्तदाबासारखाच, पाऱ्याच्या मापात) दाबाचा मोजा तीन आठवडे घातला, त्यांच्या शिरा जास्त चांगल्या नाहीशा झाल्या. उलट २०१० च्या एका फ्रेंच अभ्यासात, मोठ्या शिरेत औषधाचा फेस दिल्यावर १५ ते २० मिलिमीटरचा मोजा घातला काय नि न घातला काय, फरक दिसला नाही.

मला यात नवल वाटत नाही. औषध शिरेचं आतलं अस्तर जाळतं, मग भिंती एकमेकींना चिकटाव्यात अशी अपेक्षा असते. त्यासाठी शीर रिकामी हवी. आडवं पडल्यावर वीसेक मिलिमीटर दाबानेही ती मिटते. उभं राहिलं की घोट्यापाशी शिरेच्या आतलाच दाब ऐंशी-नव्वदच्या घरात जातो. तिथे हलका मोजा जाड शिरेला काय मिटवणार? म्हणून काही डॉक्टर अशा शिरेवर कापसाची किंवा स्पंजसारख्या फोमची गुंडाळी ठेवून वरून पट्टी बांधतात. त्या जागी उंचवटा होतो, वळण तीव्र होतं आणि तेवढ्याच पट्ट्यात दाब वाढतो. पट्टी तीच, पण दाब नेमका शिरेवर.

मी शिरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायचं काम करते. दिवसांच्या आकड्यापेक्षा मला दुसरीच काळजी असते. एक बाई तपासणीला आल्या, मोजा एकही दिवस न चुकवता घातलेला. पण वरची कड दुमडून गुडघ्याखाली गुंडाळी झाली होती. ती उलगडली तर कातडीत बोट बसेल एवढी खाच, आणि खालचा पाय सुजलेला. असा मोजा दोरी आवळल्यासारखंच काम करतो, त्यापेक्षा तो नसलेला बरा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, टाचेपर्यंत उलटा करून, रबरी हातमोजे घालून चढवावा. वरची कड कधीही दुमडू नये. बोटं निळी, गार किंवा बधीर झाली तर मुदतीचा विचार न करता लगेच काढावा. ज्यांच्या पायांच्या धमन्यांत रक्तपुरवठा कमी आहे, त्यांनी तर तपासून घेतल्याशिवाय घालूच नये. हे मूळ लेखात एका ओळीत उरकलं होतं, ती माझी चूक.

आता तुमच्या गाठीबद्दल. "बाकी काही बिघडलं नाही" म्हणून तो विषय सोडू नका. बहुतेकदा असं असतं की शीर बंद झाली, पण आत अडकलेलं रक्त घट्ट झालं. ते तसंच राहिलं तर त्यातलं लोह कातडीत उतरतं आणि तपकिरी डाग पडतो. तो फिका व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं. मोजा घातला असता तर गाठ झालीच नसती, असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टर सुईच्या टोकाने बारीक छिद्र पाडून ते काळपट रक्त दाबून काढू शकतात, आणि त्यानंतर दुखणं बरंच उतरतं. या आठवड्यात दाखवून या. मात्र पोटरी एका बाजूलाच सुजली, दुखू लागली, किंवा छातीत दुखून धाप लागली, तर वेळेची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना गाठा. गाठ कशी आहे ते इथेच कळवा, मी वाट पाहते.