पाय पुरतील तीच पहिली गाडी

परवा भाची घरी आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "मावशे, मी गाडी घ्यायलोय." (बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्या कोल्हापुरात मुलीही 'आलो, गेलो, घ्यायलोय'च म्हणतात.) फोनमधला फोटो दाखवला. 350 सीसी, काळी कुळकुळीत, वजन 195 किलो. पोरगी 19 वर्षांची, उंची 5 फूट 1 इंच, वजन 48 किलो. पक्कं लायसन्स हातात येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. टेस्ट दिली ती शेजारच्या काकांच्या गाडीवर, त्यानंतर गिअरच्या गाडीला हात नाही.

घरात दोन तट पडले होते. तिच्या बाबांचं म्हणणं, मुलीला स्कूटी बास. थोरल्या दादाचं म्हणणं, घ्यायची तर एकदाच दणक्यात घे, परत परत गाडी कोण बदलणार? मला दोन्ही पटलं नाही. तिला मोटरसायकल हवी आहे तर तिनं मोटरसायकलच घ्यावी. बहुतेक स्कूटरची चाकं 10 नाहीतर 12 इंची, मोटरसायकलची 17-18 इंची. फुलेवाडीतून कसबा बावड्याला रोज कॉलेजला जाणाऱ्या पोरीला आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत मोठं चाक केव्हाही बरं. पण पहिली गाडी 195 किलोची? नाही. पहिली गाडी पायाला पुरणारी हवी आणि आडवी झाली तर आपली आपल्याला उचलता यायला हवी. मनात भरलेली गाडी दुसरी घ्यावी, दोन वर्षांनी, जरूर घ्यावी.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 2007 साली माझ्या हातून जे झालं ते आजवर घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते.

तेव्हा मी 27 वर्षांची. पहिला मोठा पगार साठवून मी एक जड गाडी घेतली, जुनी, पण दिमाखदार. सीटवर बसलं की दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकायचे. विकणाऱ्या दुकानात मी ते बोललेही. "सवय होते ताई," असं उत्तर मिळालं आणि मी ते मान्य केलं, कारण मला ती गाडी हवीच होती. सपाट रस्त्यावर काही अडलं नाही. महिन्याभरानं रविवारी आईला मागं बसवून जोतिबाला निघाले. आई नऊवारी नेसून एका बाजूला बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि घरूनच घेतलेला गुलाल-खोबऱ्याचा पुडा.

केर्लीतून आत वळून चढ सुरू झाला. एका वळणावर वरनं एसटी आली, तिला जागा द्यायला मी डावीकडं कडेला घेऊन थांबले. उजवा पाय मागच्या ब्रेकवर होता. डावा पाय खाली टाकला आणि तो कशालाच लागला नाही. रस्ता कडेला उतरता असतो हे गाडी चालती असताना जाणवत नाही, थांबल्यावर जाणवतं. चार बोटांचाच फरक असेल. घाबरून मी उजवा पाय टेकवला, म्हणजे मागचा ब्रेक सुटला, गाडी मागं सरकायला लागली. पुढचा ब्रेक कचकन दाबला आणि सगळी गाडी डावीकडं झुकली. एका ठरावीक कोनापर्यंत गाडी हातात असते, त्याच्या पुढं ती फक्त वजन असते. मला ते पेललं नाही.

आवाज फार झाला नाही. आई हात टेकवून पडली. तिच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे डांबरावर विखुरले, पुडा फुटून गुलाल तिच्या हातावर, लुगड्यावर, रस्त्यावर, आणि दोन-तीन क्षण मला ते रक्तच वाटलं. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं. नारळ उतारावरून घरंगळत गेला आणि तो थांबेपर्यंत आई त्याच्याकडंच बघत होती. गाडी मला तसूभरही उचलता आली नाही. खालून येणाऱ्या दोघांनी गाडी थांबवून ती उभी केली. आईच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत तिची वेणी मी घालत होते आणि रोज वाटायचं, आपण शून्याच्या वेगात आईला पाडलं.

वेग शून्य होता, हे मला सगळ्यांना सांगायचं आहे. नव्या माणसाला गाडी घेऊन देताना घरचे फक्त "जोरात मारू नको" सांगतात. पण सुरुवातीचं पडणं बहुतेक असंच असतं: सिग्नलला, चढाला, यू टर्न घेताना, पार्किंगमधून मागं घेताना. तिथं गाडीचं वजन, सीटची उंची आणि आपल्या पायाची लांबी, एवढंच कामाला येतं.

म्हणून भाचीला घेऊन मी दोन शोरूम फिरले आणि तिला सांगितलं, रंग बघू नको, आधी बस. रोज जे बूट घालतेस तेच घालून बस. दोन्ही टाचा टेकतात का? नुसता उंचीचा आकडा वाचून हे कळत नाही, कारण सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतात. 100 सीसीच्या स्प्लेंडरची सीट 785 मिलिमीटरवर आहे आणि हंटर 350 ची 790 वर. कागदावर फरक 5 मिलिमीटरचा. पण पहिली साधारण 112 किलोची आणि दुसरी 181 किलोची. बसून पायानं गाडी मागं ढकलायला लावली तेव्हा तिला स्वतःलाच कळलं. 350 ची गाडी तिनं दोन फूट मागं घेतली आणि थांबून श्वास घेतला. 110 सीसीची सहज घेतली, वर हँडल वळवून दाखवलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

ताकदीचं तसंच. 100 सीसीचं इंजिन साधारण 8 बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचं माप) देतं. कॉलेजची पोरं ज्या 200 सीसीच्या गाड्यांवर जीव टाकतात, ड्यूक 200 किंवा एनएस 200, त्या 25 च्या आसपास. तिप्पट ताकद, आणि हाताला अजून क्लच कुठं धरतो हेच कळलेलं नाही. छोट्या गाडीवर क्लच चुकीचा सोडला तर गाडी आचका देऊन बंद पडते. तीच चूक तिप्पट ताकदीच्या गाडीवर केली तर ती पुढच्या रिक्षात जाते. चूक तीच, शिक्षा वेगळी.

त्यात आपला ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की मार्च-एप्रिलपर्यंत राधानगरी रस्ता, गगनबावड्याचा रस्ता, कागलकडचा पट्टा, सगळीकडं डबल ट्रॉल्या, म्हणजे एका ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन. कितीतरी ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर नाही की दिवा नाही. मी तीन-चार वेळा बघितलंय, रात्री पोरं ओव्हरटेक करतात, एक ट्रॉली संपली की पुढं मोकळं आहे समजून आत घ्यायला बघतात, आणि आत दुसरी ट्रॉली असते. हातात पिळायला ताकद असली की हा मोह होतोच. ज्याच्याकडं 8 बीएचपी आहेत तो गपगुमान मागं राहतो, आणि नव्या माणसानं मागंच राहावं. शिवाय वळणावर पडलेली, टायरखाली चिरडलेली उसाची कांडी आणि पहिल्या पावसात शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती, यावर तिरकी गाडी कशी निसटते ते एकदा अनुभवलेलं माणूस विसरत नाही.

ब्रेकबद्दल एक सांगायलाच हवं, कारण घराघरांत उलटं शिकवतात. "पुढचा ब्रेक लावू नको, पडशील." ब्रेक मारला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळं गाडी खरी थांबवतो तो पुढचाच ब्रेक. नुसता मागचा दाबला तर मागचं चाक घसरतं आणि गाडी पुढं जातच राहते. दोन्ही एकदम, पुढचा हळूहळू वाढवत, हँडल सरळ ठेवून. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि 125 पर्यंतच्यांना किमान सीबीएस सक्तीचं झालं. एबीएस म्हणजे कचकन ब्रेक मारला तरी चाक जाम होत नाही; सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. म्हणून सेकंडहँड बघताना मी 2019 च्या आधीची नको म्हटलं.

हो, सेकंडहँडच. 350 च्या शोरूममध्ये हप्त्याचं गणित फार गोड करून सांगितलं. पण पहिली गाडी पडणार, घासणार, लिव्हर वाकणार. नव्या कोऱ्या गाडीवर पहिला ओरखडा आला की पोरं घरी सांगत नाहीत, आणि तिथून पुढं काहीच सांगत नाहीत. दादाच्या "परत परत कोण घेणार" याला उत्तर एवढंच, की 100-110 ची गाडी दूधवाल्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना हवी असते, विकायला अडत नाही.

कोल्हापुरात सेकंडहँड घ्यायची तर पुराचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, चिखली, आंबेवाडी इथं किती गाड्या पाण्यात बुडाल्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय. धुऊन पुसून त्यातल्या बऱ्याच परत बाजारात आल्या. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी सीट काढली, वायरिंगचे कपलर उघडले, हेडलाइटच्या आत बॅटरी मारून बघितलं. एका गाडीत कपलरच्या पिनांवर हिरवट गंज आणि हेडलाइटच्या तळाशी नखाएवढी वाळलेली चिखलाची पापडी. मालक म्हणत होता गाडी पुरात नव्हतीच. आम्ही नमस्कार करून निघालो. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात तेही वाचा. 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातलं टायर, नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी कळंब्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची 2021 ची 110 ची गाडी ठरली, 45,000 ला. पैसे उरले त्यातले पहिले हेल्मेटला गेले, आयएस 4151 चा शिक्का असलेलं, पट्टा लावून डोकं हलवलं तरी न हलणारं. मग ग्लोव्ह्ज, घोटा झाकणारे बूट आणि दोन नवी टायर.

इथं एक मनापासून सांगते, राग आला तरी चालेल. दहावी पास झाला म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला गाडी देणाऱ्या आईवडिलांनो, 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात पालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहे, पण दंडाच्या भीतीनं नको, त्याच्या हाडांकडं बघून थांबा.

गेले तीन रविवार सकाळी सहाला आम्ही टेंबलाईच्या चढाला जातो. मी खाली उभी, ती चढाच्या मधोमध थांबते, डावा पाय टेकवते, मागचा ब्रेक धरते, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून, गाडी उचलायला बघते. पहिल्या रविवारी गाडी नऊ वेळा बंद पडली. एकदा आडवीही झाली, तिनं हँडल वळवून, गुडघ्यात वाकून एकटीनं उभी केली. मी मुद्दाम पुढं झाले नाही. काल एकदाही बंद पडली नाही.

घरी आल्यावर तिनं आजीला विचारलं, "आज्जी, जोतिबाला येणार का माझ्या मागं?" आई आता 68 ची आहे. पावसाळ्यात अजून दुखणारं ते मनगट चोळत ती म्हणाली, "येतो की. पण नारळ वर जाऊन घिऊया." मी दोघींना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय.