उभी असलेली येझदी धक्का मारून चालू करू नका
सध्या एक मेसेज फिरतोय, की जुनी टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी) मोटरसायकल, म्हणजे येझदी-जावा वगैरे, कितीही वर्षं उभी असू दे, टाकीत ताजं पेट्रोल टाका, प्लगच्या भोकात थोडं पेट्रोल सोडा, धक्का मारा, चालू झाली की जोरात रेस देऊन कार्बन उडवा, आणि पांढरा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर करून (म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करून) घ्या. अरे बाबांनो, असं करून चांगली इंजिनं मरतात.

ताजं पेट्रोल टाकायच्या आधी जुनं काढा की! पेट्रोल उडून जातं, त्यात मिसळलेलं ऑइल मागे राहतं. काकांची येझदी रोडकिंग 11 वर्षं गोठ्यात उभी होती, कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला काकवीसारखा थर, आणि पायलट जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) उजेडाकडे धरला तर भोक आहे का नाही तेच कळेना. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर उभी केली असेल तर पाणीपण बघा, काचेच्या बाटलीत काढून ठेवलं की तळाला वेगळं दिसतं.

प्लगच्या भोकात पेट्रोल तर अजिबात नको. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या ऑइलचंच, नुसतं पेट्रोल ओतलं की उरलंसुरलं ऑइलही धुऊन जातं आणि कोरड्या रिंगा गंजक्या बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, घासतात. त्यापेक्षा दोन चमचे टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळतात तेच) सोडा, रात्रभर राहू दे, मग प्लग काढलेलाच ठेवून, गाडी मेन स्टँडवर, चौथ्या गिअरला टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढेमागे करा. पिस्टन जाम असेल तर अजून ऑइल आणि अजून दोन दिवस. धक्का मारला तर सगळा जोर त्या अडकलेल्या रिंगांवर येतो, तुटल्या की बोअरपण गेला.

आता धूर. पहिली काही मिनिटं येणारच, आपणच ऑइल ओतलंय. पण थांबतच नसेल तर रिंगांच्या आधी गिअर ऑइलची लेव्हल बघा. येझदीत डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच गिअरबॉक्सच्याच ऑइलमध्ये फिरतात, तिथलं क्रँकचं (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं) रबरी सील वर्षानुवर्षं उभं राहून कडक होतं, मग इंजिन ते ऑइल ओढून जाळत बसतं. आमच्या एका मित्राने गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून बोअर केलं, नवीन पिस्टन टाकला, धूर तसाच, शेवटी बघितलं तर गिअर ऑइल निम्मं गायब!

क्रँकचं उजव्या बाजूचं सील गेलं तर अजून वाईट, कारण तिथून हवा ओढली जाते, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल-ऑइल कमी, रेस सोडली तरी इंजिनचा वेग खाली बसत नाही. अशात कार्बन उडवायला गेलात तर पिस्टन सीझ, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम. कार्बन साफ करायचाय ना, मग सायलेन्सरमधली आतली नळी बाहेर काढून खरवडा.

काकांच्या गाडीची दोन्ही सील बदलली, तिसऱ्या किकला लागली. बोअर अजून कंपनीचाच आहे.