गूढ-बिढ काही नाही, शोध चुकीच्या ठिकाणी चालला होता

सध्या माझ्या फीडमध्ये "जंगलात गेला आणि परत आलाच नाही" छापाचे व्हिडिओ धो धो येताहेत. मागे घुबड ओरडतंय, निवेदकाचा आवाज तळघरातून आल्यासारखा, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: मग तो गेला कुठे? माल बहुतेक अमेरिकेतला. तिथल्या एका माजी पोलिसाने राष्ट्रीय उद्यानांत बेपत्ता झालेल्या लोकांवर पुस्तकांची रांग लावली आहे, आणि आपले लोक त्यातलंच उचलून मराठीत वाचून दाखवतात. ऐकायला मजा येते, मीही ऐकतो. पण यातल्या बऱ्याच प्रकरणांना गूढ म्हणणं हा मला निव्वळ आळस वाटतो. का, ते एका प्रकरणावरून सांगतो.

जुलै १९९६. जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून चौघं अमेरिकेला फिरायला आली. एक पुरुष, त्याची मैत्रीण आणि दोघांचे एकेक मुलगे, धाकटा चार वर्षांचा. भाड्याची मिनिव्हॅन घेऊन ती कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात शिरली. नाव उगीच पडलेलं नाही, जुलैत तिथे पंचेचाळीस अंशांच्या वर तापमान ही रोजचीच गोष्ट. परतीचं विमान चुकलं, पण ही माणसं वाळवंटात आहेत हे उद्यानात कुणाच्या गावीही नव्हतं. ऑक्टोबरमध्ये अॅन्व्हिल कॅनियन नावाच्या निर्मनुष्य घळीत वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला ती गाडी दिसली. तीन टायर बसलेले. माणसं नाहीत. मोठी शोधमोहीम झाली. गाडीपासून काही अंतरावर एक बिअरची बाटली मिळाली आणि तपास तिथेच संपला. पुढे तेरा वर्षं अपहरणापासून "मुद्दाम गायब झाले" इथपर्यंत ज्याला जे सुचेल ते बोललं गेलं.

मग टॉम महूड नावाच्या, डोंगरी बचावकार्यात स्वयंसेवक असलेल्या एका निवृत्त इंजिनिअरने हे प्रकरण डोक्यात घेतलं. त्याने स्वतःला विचारलं, की या बापाच्या हातात कुठला नकाशा होता आणि त्यावर त्याला काय दिसलं असेल? दक्षिणेकडे नकाशावर नौदलाच्या चायना लेक तळाची हद्द दाखवलेली. आता युरोपातल्या माणसासाठी लष्करी तळ म्हणजे काय? कुंपण, गस्त, पहारेकरी, म्हणजे मदत. प्रत्यक्षात तो तळ मुंबईच्या सातपटीहून मोठा आहे आणि त्या बाजूला उघड्या रखरखाटाशिवाय काही नाही. शोधणाऱ्यांना स्थानिक भूगोल पाठ होता. त्यामुळे त्या दिशेला कुणी शहाणा माणूस जाईल असं त्यांना वाटलंच नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये महूड आणि त्याचा साथीदार दक्षिणेकडे चालत गेले. गाडीपासून कित्येक मैलांवर त्यांना मोठ्या माणसांची हाडं मिळाली आणि त्या बाईचं ओळखपत्र.

म्हणजे त्या माणसाचा निर्णय वेडा नव्हता. त्याला जेवढं माहीत होतं, तेवढ्यात तो अगदी तर्काला धरून होता. माझ्या मते या सगळ्यातली खरी थरारक गोष्ट हीच आहे, पण तिला घुबडाचा आवाज लागत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

आपल्याकडे कोकणातले म्हातारे चकवा लागल्याच्या गोष्टी सांगायचे. रात्रभर चालला, आणि पहाटे बघतो तर त्याच आंब्याखाली. आपण हसतो. पण जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली हेच जीपीएस लावून मोजलं. माणसांना मोठ्या जंगलात आणि सहारात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ठीक. आभाळ भरून आलं की जंगलातली मंडळी गोल फिरायला लागली, स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली, आणि शेवटपर्यंत आपण सरळ चाललोय अशीच त्यांची खात्री! म्हाताऱ्यांचा उपायही ऐकण्यासारखा होता: चकवा लागला की उजाडेपर्यंत जागचं हलू नको. बचावपथकं आज वेगळं काय सांगतात?

व्हिडिओवाल्यांचा दुसरा लाडका मुद्दा म्हणजे कपडे. "बर्फात प्रेत सापडलं, आणि अंगावर कपडेच नव्हते!" थंडीने मरणाऱ्या माणसाला शेवटच्या टप्प्यात अंग भाजल्यासारखं वाटतं आणि तो कपडे फेडतो, काही जण तर कपारीत किंवा झुडपात घुसून बसतात. न्यायवैद्यकशास्त्राला हे जुनंच माहीत आहे. आणि थंडीने मरायला बर्फच लागतो असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकलेल्या तरुणांपैकी एकाचा पावसात आणि थंडीत जीव गेला. सह्याद्रीत थंडीने कोण मरतंय, असं म्हणणारे आजही टीशर्टवर भर पावसात गड चढतात, तो वेगळा विषय.

"एवढी माणसं, कुत्री, हेलिकॉप्टर लावून सापडत कसं नाही?" हा प्रश्न विचारणाऱ्याने जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळ्याच्या बाजूच्या एखाद्या दरीत वीस पावलं आत जाऊन मागे वळून बघावं. अमेरिकेत मेन राज्यात २०१३ साली एक साठी ओलांडलेली बाई अॅपलेचियन या लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेवरून लघवीला म्हणून बाजूला गेली आणि वाट हरवली. तिने तंबू लावला, डायरी लिहिली, फोनवरून मेसेज पाठवायचा प्रयत्न केला, पण तिथे रेंज नव्हती. आणि चार आठवड्यांच्या आसपास ती जिवंत होती. तंबू सापडला दोन वर्षांनी, वाटेपासून दोन मैलांच्या आत. दाट झाडीखाली लावलेला तंबू वरून दिसणार कसा? डायरी मिळाली म्हणून आपल्याला हे कळलं. ती मिळाली नसती, तर तिच्यावरही एव्हाना पंचवीस मिनिटांचा एपिसोड झाला असता.

काही प्रकरणं कधीच सुटली नाहीत, हे मला मान्य आहे. १९६९ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्याच ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात सहा वर्षांचा मुलगा मोठ्यांना दचकवायला म्हणून झुडपामागे लपला आणि पुन्हा दिसलाच नाही. काही मिनिटांचा खेळ. आजवर काही मिळालेलं नाही. अस्वलापासून "रानटी माणसां"पर्यंत सगळ्या थिअऱ्या त्याच्यावर लावून झाल्यात, आणि त्यांवर पैसे कमावताना आपण कुणाच्या तरी पोराबद्दल बोलतोय, एवढं भान एकाही निवेदकाच्या आवाजात मला ऐकू येत नाही. त्या दिवशी काय झालं ते मात्र नोंदलेलं आहे. संध्याकाळी मुसळधार पाऊस आला. नंतरच्या दिवसांत मदतीला इतकी माणसं लोटली की आकडा चौदाशेच्या घरात गेला. जो काही माग उरला असेल तो त्यांच्याच पायांखाली तुडवला गेला असावा. पुढे तिथल्या उद्यानांनी शोधाच्या पद्धती बदलल्या त्या या अनुभवातून: आधी थोडी, जाणकार माणसं आत सोडायची आणि गर्दीला बाहेर थांबवायचं. आपल्या डोंगरातली बचावपथकंही बघ्यांना मागे सारताना वैतागतात ते याचमुळे. त्या मुलाचं काय झालं असेल असं मला विचाराल, तर माझं उत्तर अगदी बेचव आहे: उतार, पाऊस, दाट रान, आणि चौदाशे जोड्या बूट.