आधी रुमाल मागा

राजवाड्याजवळ ब्रा घ्यायला निघालात, तर दुकानात शिरल्याशिरल्या आधी रुमाल मागा. जेंट्स, पांढरे, अर्धा डझन. काउंटरवर कोपर टेकून सरळ "ब्रा दाखवा" म्हणणारी बाई आमच्या इंदुरात अजून जन्मायची आहे, तो मान तुम्ही कशाला घेता? रुमाल झाले की सेफ्टी पिनांचं पाकीट मागा, मग परकराची नाडी. एवढ्यात शेजारची गिऱ्हाइकं पांगली असतील. आता आवाज पोटात घेऊन म्हणा, "और भैया... वो." भैयाला कळतं. त्याच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत 'वो'चेच डबे असतात. रुमाल तो तुमच्याआमच्यासारख्यांसाठी ठेवतो.

रुमालाला तशी थोर परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या मुलीनं दोन रेशमी रुमाल आणि फीत जोडून आपली ब्रा बनवली आणि १९१४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. म्हणजे सुरुवात तिनंही रुमालापासूनच केली. फक्त ती तिथे थांबली नाही.

साइझ कुजबुजत सांगावा. तो कुजबुजत सांगितला की भैया माळ्यावरच्या पोराला हाक घालतो, "छोटू! भाभीजी के लिए अड़तीस, स्किन में, दो पीस!" ही हाक शीतलामाता बाजारापर्यंत जात असावी. आमचे हे तेव्हा दुकानाकडे पाठ करून बाहेर उभे असतात आणि राजवाड्याचे मजले मोजत असतात. सात आहेत. लग्नाला बावीस वर्षं झाली, दर खेपेला सातच भरतात, तरी मोजतात. आणि 'स्किन' हा रंग नेमका कुणाच्या कातडीचा, हे विचारू नका. आमच्या घराण्यात तरी त्या रंगाचं कुणी नाही.

साइझ माहीत नसला तरी अडत नाही. जवळच सराफा आहे. तिथला सराफ गुंजभर सोनंसुद्धा काट्यावर ठेवल्याशिवाय भाव बोलत नाही. भैयाला काटा लागत नाही. साडी, शाल, स्वेटर, सगळ्याच्या आरपार एक नजर टाकून तो सांगतो, "आपको चालीस लगेगा." तुमचा चेहरा पडला की, "अड़तीस ले जाओ, एक ही बात है." आणि आपण नेतो. घरोघरच्या कचऱ्याचे सहा-सहा प्रकार वेगळे करून २०१७ पासून ओळीनं कितीतरी वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं हे शहर. बायकांचे मात्र त्याला तीन प्रकार पुरतात. छोटा, मीडियम आणि भाभीजी.

आकड्यापुढच्या अक्षराच्या नादी तर मुळीच लागू नका. अक्षर कळलं की हिशोब कळतो आणि हिशोब कळला की दुकान बदलावं लागतं. टेप छातीखाली, बरगड्यांवर नीट बसवून धरली की येतो तो पट्ट्याचा आकडा. तीच छातीच्या भरल्या जागी सैलसर धरली की दुसरा आकडा. दोन्हींत एका इंचाचा फरक असला तर ए, दोनाचा असला तर बी, तीन सी, चार डी. ही अक्षरं अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प कंपनीनं १९३२ मध्ये वापरात आणली. आमच्या गल्लीत यायला त्यांना अजून रिक्षा मिळालेली नाही. भैया काय करतो, तर वरचा, म्हणजे ब्लाउजचा आकडा घेतो आणि तोच पट्ट्याला चिकटवतो. गंमत अशी की ३८ बी, ३६ सी आणि ३४ डी या तिघींचा कप सारख्याच मापाचा असतो, फरक असतो तो पट्ट्यात. त्यामुळे 'एक ही बात है' हे त्याचं म्हणणं अर्धं खरंच आहे. उरलेलं अर्धं आपल्या पाठीवर असतं.

ते घरी कळतं, कारण दुकानात घालून बघायची सोय नाही. भिंतीवर पाटी असते, 'फैशन के दौर में गारंटी की इच्छा न करें', आणि तिच्याखाली स्केचपेननं, 'अंडरगारमेंट वापस नहीं होंगे.' घरी आरशासमोर हात वर केले की मागचा पट्टा मानेच्या दिशेनं चालू लागतो. घाबरू नका. खांद्यावरचे पट्टे आवळा. अजून आवळा. भार पेलायचा तो खरं म्हणजे खालच्या पट्ट्यानं. खांद्यावरचे नुसते सोबतीला, त्यांच्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. पण खालचा चार इंच सैल असला की सगळी कावड खांद्यांवर येते आणि चाळिशीपर्यंत तिथे छान खाच पडते. बांगड्यांबरोबर तीही सौभाग्याची खूण समजावी. हुकांचंही तसंच. नवी ब्रा सगळ्यांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, म्हणजे पुढे इलॅस्टिक सैलावलं की एकेक हूक आत सरकता येतं. तुम्ही पहिल्याच दिवशी शेवटच्या हुकावर जा. मग महिन्याभरानं काय? सेफ्टी पिन. मघाशी घेतल्यात त्या काय उगाच?

वाळत घालायची ती अर्थातच परकराखाली. ऊन लागता कामा नये, शेजाऱ्यांची नजर तर नाहीच नाही.

याच आम्ही बायका महेश्वरी साडीवरच्या ब्लाउजला अस्तराची छटा जुळवायला एम. टी. क्लॉथ मार्केटची चार-चार दुकानं पालथी घालतो. शिंपी मास्तरांशी अर्ध्या इंचासाठी पानिपत करतो. मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, सगळं त्यांच्या डायरीत, शिवाय एक ट्रायल, शिवाय 'मागच्या वेळी बगलेत ओढत होतं हं' ही ताकीद. आणि ज्याच्यावर तो ब्लाउज चढणार ते चार मिनिटांत, न बघता. रामबागेतली माझी आजी आपली मांजरपाटाची 'बॉडी' घरीच शिवायची, अंगावर टाचण्या लावून, दोनदा उसवून. तिला एकही बॉडी कधी टोचली नाही. पण तिचं सोडा. तिला दुकानात जावं लागत नव्हतं, मग लाजायची सवय होणार कशी?

आता एक धोक्याची सूचना. शहरात अलीकडे काही दुकानांतून गळ्यात टेप अडकवलेल्या बायका आढळू लागल्या आहेत. त्यांच्यापासून जपून राहा. मागच्या दिवाळीआधी अवकाळी पाऊस आला म्हणून मी एका दुकानात शिरले आणि अशाच एकीच्या हाती सापडले. सवयीनं विचारलं, "रुमाल आहेत?"

"नाहीत."

झालं. माझं पुढचं सगळं भाषण त्या रुमालावर उभं होतं. मी नुसती उभी. तर ती म्हणाली, "बसा ना, ताई. कुठे टोचतंय?"

हा प्रश्न मला बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. खांद्याच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेले होते, त्यांनीही 'कधीपासून' एवढंच विचारलं होतं. मी दाखवलं. तिनं दोनदा टेप धरली आणि म्हणाली, "चौतीस डी." डी! आमच्या वेळी प्रगतिपुस्तकात डी आला असता तर वडिलांनी सही केली नसती. मी म्हटलं, "अहो, मी अडतीसवाली आहे." ती हसली नाही, वादही घातला नाही. तीन नग आणले, मला आत पाठवलं, दार लावलं आणि स्वतः बाहेर उभी राहिली. बाहेरूनच, हळू आवाजात: पुढे वाका. बगलेतलं सगळं हातानं आत घ्या. मग उभ्या राहा. मधला भाग छातीच्या हाडाला टेकतोय? कडेनं काही बाहेर येतंय? आता हात वर करा. आता खाली बसून बघा, ताई, आपल्याला दिवसभर उभंच थोडं राहायचंय?

पहिली गेली. दुसरी बसली. तिसरी लेसची, सगळ्यांत महागडी, मला फार आवडली. मी ती काउंटरवर ठेवली तर ती म्हणाली, "ही तुम्हाला नाही बसत, वरून फुगवटा येतोय. राहू द्या." जी बाई स्वतःच महागडा माल परत डब्यात घालते, तिच्या डोक्यात नक्की काय शिजतंय, सांगा! वर आणखी, "सध्या एकच न्या. आठ दिवस घाला. पटली तर दुसरी घ्यायला या." कागदाच्या चिठोऱ्यावर माझा साइझ लिहून दिला. चाळीस मिनिटं गेली. इतक्या वेळात भैयाच्या दुकानात माझ्यासारख्या दहा भाभीजी अडतीस घेऊन घरी गेल्या असत्या.

आणि नुकसान? नुकसान किती झालं ते पुढे कळलं. खांदा दुखायचा थांबला, ते ठीक. पण माझ्या कपाटातले चौदाच्या चौदा ब्लाउज बसेनात. मास्तरांनी इतकी वर्षं सगळी मापं घेतली होती ती त्या ओघळलेल्या अडतीसच्या वरून. टक्स तिच्या हिशोबानं खाली घातलेले. आता टक्स एकीकडे आणि मी दुसरीकडे. शेवटी गाठोडं बांधून त्यांच्याकडे गेले. दुकान राजवाड्यासमोरच्या गल्लीच्या तोंडाशी, हे नेहमीप्रमाणे बाहेर. मास्तरांनी टेप धरली, डायरी उघडली, पुन्हा टेप धरली. "भाभीजी, सीना तो वही अड़तीस है." मग टक्सकडे बराच वेळ बघत राहिले. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज पोटात घेऊन म्हणाले, "अंदर... वो बदला है क्या?"

मी हो म्हटलं. काउंटरवर कोपर टेकून, जरा मोठ्यानंच. बाहेर ह्यांचा पाचव्या मजल्यावरच घोटाळा झाला, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.