केसपेपरवर ‘घरी पडला’

ऐरोलीच्या आमच्या कट्ट्यावरून पूर्वेला पारसिकचा डोंगर दिसतो. मे महिन्यात तो उघडाबोडका असतो आणि जुन्या खाणींनी खरवडलेले कडे संध्याकाळच्या उन्हात लांबूनही ओळखू येतात. रविवारी चहाचे ग्लास हातात यायच्या आधीच भोईरदादांनी विषय काढला. डोंगरापलीकडे त्यांच्या पुतण्याची दगडखाण आहे. तिथला ड्रिल मारणारा एक माणूस गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला कोसळला. वय पन्नास. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. कागदावर आलं, हृदय बंद पडून मृत्यू.

“पोरगा घाबरलाय,” दादा म्हणाले. “राजस्थानातनं त्याचे भाऊ आलेत, भरपाई मागतात. आता तुम्हीच सांगा, हार्ट अटॅक कुठं पण येतो. टीव्ही बघताना येतो, लोकलमध्ये येतो. दगड अंगावर पडला असता, सुरुंगात गेला असता, तर मी एक शब्द बोललो नसतो. यात खाणीचा काय दोष?”

सुरेखाताई तीस वर्षं स्टाफ नर्स होत्या, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. त्यांनी एकच विचारलं, “अंग किती तापलं होतं? कुणी थर्मामीटर लावला?”

दादांना माहीत नव्हतं. कुणाला माहीत असणार?

“दादा, हृदय बंद पडल्याशिवाय कुणी मरतं का?” ताई म्हणाल्या. “ते कारण नाही झालं. ते का बंद पडलं, हे लिहायला हवं. मे महिना, दुपारचे तीन, चारी बाजूंनी काळा दगड, खाली वारा नाही, हातात ड्रिल. अशा माणसाचं अंग चाळीस डिग्रीच्या वर गेलं असेल आणि तो बरळत असेल, तर तो उष्माघात. पडायच्या आधी काही बोलला का?”

दादा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मुकादम सांगत होता, तासभर आधीपासून काहीतरी भलतंच बडबडत होता. त्यांना वाटलं, प्यायलाय.”

ताईंनी ग्लास खाली ठेवला. आमच्यापैकी कुणालाच काही सुचेना.

“पाणी होतं तिथं?”

“टँकर उभा होता ना. धूळ बसवायला मारतात ते पाणी.”

“आणि त्याला गाडीत घातला.”

“मग काय करणार? दवाखान्यात न्यायलाच पाहिजे ना?”

“उष्माघाताच्या माणसाला आधी थंड करायचं, मग हलवायचं. जागेवर कपडे सैल करून पाइपने पाणी मारायचं, वारा घालायचा. तसाच तापलेला पत्र्याच्या पिकअपमध्ये टाकून अर्धा तास नेला, तर त्या अर्ध्या तासात मेंदू, मूत्रपिंडं सगळं जातं. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. चौदा माणसं गेली. तिथं कुणी म्हणालं का, की त्यांना सहज अटॅक आला म्हणून? सगळे उष्माघातच म्हणाले. मग खाणीतल्या माणसाला तो शब्द का नाही?”

प्रवीण चंद्रपूरकडचा. इथे माइंडस्पेस या आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे, वडील आयुष्यभर कोळसा खाणीत. तो म्हणाला, आमच्याकडे लहान मुलांनाही पीएमई हा शब्द माहीत असायचा. दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी, छातीचा एक्स-रे, कानांची चाचणी. कामावर घेतानाची तपासणी वेगळीच. बाबा तपासणीला निघाले की आई देवासमोर दिवा लावायची, कारण फिल्मवर ठिपके दिसले तर खाली उतरणं बंद. “पण निदान फिल्म तरी निघायची. दादा, तुमच्या पुतण्याच्या खाणीत या माणसाचा एक्स-रे काढला होता का?”

“अरे, तो कोळसा. आपला काळा दगड, त्यात सिलिका नाय.”

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरंच जास्त फसवतं. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये मोकळी स्फटिकरूप सिलिका फारच थोडी असते. राजस्थानच्या वालुकाश्मात ती भरपूर असते, म्हणून सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग, तिकडे जास्त. पण धूळ ती धूळच, ती छातीत जातेच. आणि मुख्य म्हणजे हा माणूस राजस्थानातून आलेला. प्रवीणने विचारलं, तिकडे काय करायचा? दादांना ऐकून माहीत होतं, तरुणपणी तिकडेच वालुकाश्माच्या खाणीत होता. म्हणजे तो इथे आला तेव्हाच फुप्फुसं अर्धी गेलेली असतील, आणि ते कुणी पाहिलेलंच नाही. ताई म्हणाल्या, असे कितीतरी पेशंट त्यांनी टीबीच्या गोळ्यांवर पाहिलेत. सिलिकोसिस असलं की टीबी लवकर धरतो हेही खरं, पण कित्येकांना टीबी नसतानाही महिनोन्‌महिने तीच औषधं चालू राहतात, कारण पूर्वी काय काम केलं हे कुणी विचारतच नाही. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये धोरण केलं, सिलिकोसिसचा दाखला मिळाला की रुग्णाला तीन लाख, मृत्यूनंतर वारसांना दोन लाख. पण दाखला मिळायचा तर आधी कुणीतरी तपासायला हवं.

आता दादा चिडले. त्यांचा राग मी इथे मुद्दाम लिहितो, कारण तो खोटा नव्हता.

“तुम्ही सगळे मालक मालक करता. कोण मालक? आमच्या जमिनी सिडकोने घेतल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, आणि हातात काय दिलं तर दगड. त्यातनं पोरं जगली. या नवी मुंबईतल्या इमारतींची खडी कुठनं आली? तुमचा हा कट्टासुद्धा त्याच दगडाचा हाय. आणि ती काय मोठी खाण थोडीच हाय, क्वारी हाय क्वारी.”

शिंदेकाका तोवर काही बोलले नव्हते. ठाण्याच्या कामगार न्यायालयात त्यांची सगळी नोकरी गेली. ते हळू बोलतात, त्यामुळे सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागतं.

“दादा, सुरुंग लावता ना?”

“लावतो.”

“मग ती खाणच. १९५२ च्या खाण कायद्यात इमारतीच्या दगडाला सूट होती, पण कधी? खोली सहा मीटरच्या आत, माणसं पन्नासच्या आत आणि स्फोटकं अजिबात नाहीत, हे तिन्ही असेल तेव्हा. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत गेला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. पण अपघात कळवायची जबाबदारी मालकाचीच राहिली.”

मग काकांनी एक गोष्ट सांगितली, जी मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हती. तुर्भ्याच्या कारखान्यातल्या कामगाराचा हात गेला तर त्याच्यासाठी वाशीचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, रुग्णालय होतं. रस्ता ओलांडून डोंगरातल्या खाणीत त्याच्याच भावाचा हात गेला तर त्याला ते नव्हतं, कारण ईएसआयच्या कायद्याने कारखान्याच्या व्याख्येतून खाण वगळली होती. त्याला १९२३ च्या भरपाई कायद्याने मालकाविरुद्ध दावा लावावा लागायचा, तोही दोन वर्षांच्या आत.

“अटॅकचं काय?” दादांनी पुन्हा तेच विचारलं.

“तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलंय, नुसता कामावर असताना मेला एवढं पुरेसं नाही. कामाच्या ताणाने झटका आला किंवा बळावला, हे दाखवावं लागतं. पण दाखवणार कशावरून? हजेरीवरून, कामाच्या तासांवरून, डॉक्टरच्या पहिल्या कागदावरून. भरपाईसाठी वयानुसार गुणक ठरलेला असतो, पन्नाशीच्या माणसाचा १५३.०९ आहे. पंधरा हजार पगार धरला तर त्याचा निम्मा गुणिले हा गुणक, साडेअकरा लाखांच्या आसपास जातं. ते साडेअकरा लाख एका ओळीवर अडलेत.”

इथे मला बोलावंच लागलं. कट्ट्यावर मी हे आजवर सांगितलं नव्हतं.

२००९ च्या सुमाराला मी कळव्याच्या बाजूला एका छोट्या खासगी रुग्णालयात केसपेपर लिहायचो. एके सकाळी मुकादमाने एका खाणकामगाराला आणला. सैल दगड काढताना दगड सरकला आणि पहारीखाली डाव्या हाताची दोन बोटं चेचली. बनियनच्या चिंध्यांनी हात गुंडाळलेला, वर दगडाची राखाडी भुकटी रक्तात कालवून सिमेंटसारखी घट्ट बसलेली. सिस्टर सलाइन ओतत होती, ओतत होती, आणि ती भुकटी निघत नव्हती. तो माणूस ओरडत नव्हता, दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरून छताकडे बघत होता. मी विचारलं, कसं लागलं? मुकादम मध्येच म्हणाला, “घरी पडला. घरी पडला लिहा साहेब, पोलिसांचं लचांड नको, बिल आम्ही भरतो.” बिल भरणारा तो होता. मी लिहिलं, घरी पडून दुखापत.

तीन-चार महिन्यांनी तो परत आला. कुणीतरी त्याला दाव्याचं सांगितलं होतं, त्याला कागदाची नक्कल हवी होती. वाचता येत नव्हतं म्हणून मीच वाचून दाखवला. तो ऐकून घेऊन म्हणाला, “साहेब, माझं घर पत्र्याचं, जमिनीवर. मी पडलो कुठनं?”

मी नक्कल दिली. त्या कागदाने त्याचं काय झालं ते मला कधी कळलं नाही.

शिंदेकाका म्हणाले, “एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईच्या ताकदीचं वीस टक्के नुकसान. भरपाई कायद्याच्या परिशिष्टातच छापलं होतं. आणि जुन्या खाण कायद्यात हाड मोडलं किंवा बोट गेलं तरी ती गंभीर इजा. त्याहून लहान असेल आणि माणूस बहात्तर तास कामावर येऊ शकला नाही, तरी ती कळवण्यासारखी इजा. म्हणून तर बहात्तर तास भरायच्या आतच बँडेज बांधलेला माणूस हजेरीला आणून बसवतात. दगड उचलायला नाही, पाणी वाटायला.”

प्रवीण म्हणाला, हे मोठ्या ठिकाणीही चालतं, कायम कामगारांचं रजिस्टर एक आणि ठेकेदाराच्या माणसांचं दुसरं. धनबादजवळची चासनाळा कोळसा खाण सगळ्यांना माहीत आहे. २७ डिसेंबर १९७५, खाणीत पाणी शिरलं, पावणेचारशे माणसं गेली. त्याची तारीख पाठ असते. एकेक बोट, एकेक कान, एकेक फुप्फुस जातं त्याला तारीख नसते, कारण कागदावर ती जागाच दुसरी लिहिलेली असते.

मला विचाराल तर माझं मत सरळ आहे. हेल्मेट, मास्क, बूट सगळं हवंच. पण त्याआधी जिथे लागलं, जेव्हा लागलं, तेच कागदावर यायला हवं, आणि ते विचारायची जबाबदारी टेबलापलीकडे पेन धरून बसलेल्याची आहे. ती माझी होती. मुकादम बोलत होता तेव्हा मी त्या माणसाकडे बघून विचारायला हवं होतं, हिंदीत, कानडीत, खुणेने, कसंही.

अंधार पडला होता. दादा बराच वेळ चप्पल पायात घालत आणि काढत बसले होते. मग उठून दिव्याच्या खांबाजवळ गेले आणि पुतण्याला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती.

“शवविच्छेदन झालंय का?... मग अहवाल आला का बघ... नाय, नाय, तू ऐक माझं. गुरुवारची हजेरी हाय ना, तिला हात लावू नको. मुकादमाला सांग, तो बडबडत होता ते जसंच्या तसं सांगायचं, दारूचं नाव नाय काढायचं... अरे, पैशाचं बघू आपण. त्याच्या भावांना चहा दिलास का?... आणि उद्या दुपारी बारा ते चार ड्रिल बंद. बंद म्हणजे बंद. टँकरवाल्याला सांग, पाइप जोडून ठेवायचा.”